मशीनवाली कांताबाई

जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानांची ओळ संपते आणि धान्याच्या आडती सुरू होतात, तिथल्या एका बोळाच्या तोंडाशी कांताबाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे रस्त्याच्या बाजूची एक खोली. मागच्या खोलीत ती आणि तिची सासू गोजरबाई राहायच्या. दुकानाला पाटी नव्हती. कांताबाईचा नवरा भिवा होता तोवर दारावर एक जुना भोंगा टांगलेला असायचा, आणि तो बघून लोक आत यायचे. भिवा गेल्यावर कांताबाईनं तो भोंगा उतरवून माळ्यावर टाकला. टेंभुर्णीकडच्या एका लग्नात लिंबाच्या झाडावर भोंगा बांधतानाच फांदी मोडून भिवा खाली पडला होता, तो उठलाच नाही. तेव्हापासून तिला तो दारात नको वाटायचा.

भिवा मूळचा जाफराबादकडचा. पोरवयात हैदराबादला एका रेडिओच्या दुकानात राहून काम शिकला आणि जालन्यात येऊन लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायला लागला. सगळा मुलूख अँप्लिफायरला मशीनच म्हणायचा, म्हणून तो मशीनवाला भिवा. लग्नानंतर काही वर्षांनी त्याला टायफॉइड झाला. त्यातून उठला तो थरथरता हात घेऊनच. कथलाचा बारीक डाग त्या हातानं नेमक्या जागी पडेना. मग तो शेजारी बसून सांगायचा आणि कांताबाई डाग द्यायची. कुठली तार कुठं जाते, कंडेन्सरमधली वीज आधी उतरवल्याशिवाय बोट घालायचं नाही, व्हॉल्व्ह थंड होऊ द्यायचा, हे सगळं तिच्या हातांत असं शिरलं. शाळा तिनं चौथीपर्यंतच पाहिली होती.

भिवा गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, ही आता सामान विकून माहेरी जाणार. ती गेली नाही. दुकान उघडून बसायला लागली.

“मिस्तरी कुठं गेले?” लांबच्या गावाहून आलेली माणसं विचारायची.

“वारले. मशीन ठेवा, मी पाहते.”

काही जण मशीन उचलून परत जायचे. काही जण औरंगाबाद लांब पडतं म्हणून ठेवून जायचे. दुरुस्त होऊन मिळालं की पुन्हा यायचे, पण बसायचे नाहीत. भिवाच्या वेळी त्या खोलीत दिवसभर चार माणसं चहा पीत बसलेली असायची. आता बाया येत नव्हत्या कारण दुकान पुरुषी, आणि पुरुष थांबत नव्हते कारण दुकान बाईचं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कांताबाईच्या तोंडून निघणारे शब्द मोजकेच: ठेवा, पाहते, झालं, न्या. मागच्या खोलीत गोजरबाई लसूण सोलत किंवा नुसतीच भिंतीला टेकून असायची. पोरगा गेल्यापासून तिनंही बोलणं आवरतं घेतलं होतं. दोघी एकमेकींशी वाईट नव्हत्या. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, एवढंच.

पंच्याहत्तर सालच्या हिवाळ्यात एका दुपारी दारात टांगा थांबला आणि एक उंच, किडकिडीत माणूस भोंग्याच्या मागचं, आवाज काढणारं युनिट हातात घेऊन उतरला.

“काय झालं याला?”

“काल अंबडला प्रोग्राम व्हता. निम्म्यातच घरघर केली अन् बंद पडला.”

कांताबाईनं युनिट उघडलं. आतला पातळ पडदा चिरून गेला होता. गाण्यानं किंवा भाषणानं असा पडदा फाटलेला तिनं पाहिला नव्हता.

“काय वाजवलं यावर?”

“बेस गिटार.”

तिला ते काय असतं हे माहीत नव्हतं. तिनं तसं सांगितलं. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी चादरीत गुंडाळून गिटारच घेऊन आला. त्याचं नाव साहेबराव. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होता, पस्तिशी आली तरी बिनलग्नाचा. बहिणींची लग्नं उरकता उरकता स्वतःचं राहून गेलेलं. कापडाचं दुकान असलेल्या काकासाहेबांनी हौसेनं ऑर्केस्ट्रा काढला होता, त्यात तो ही चार जाड तारांची गिटार वाजवायचा.

मशीनला न जोडता त्यानं एक तार छेडली. काहीच ऐकू आलं नाही. मग त्यानं गिटारचं टोक कामाच्या टेबलाला टेकवलं आणि पुन्हा छेडली. टेबलावर कांताबाईचा तळहात होता.

“ऐकू आलं का?”

“ऐकू न्हाई आलं,” ती म्हणाली. “पण आलं.”

साहेबराव तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, “लोकायला हेच समजून सांगता येत न्हाई. गाणारा दिसतो, ढोलक दिसते. मी काय करून राह्यलो ते काकासाहेबायलाबी ठाऊक न्हाई. मी वाजवणं बंद केलं तरच त्यायला कळतं, की कायतरी कमी झालं.”

भोंगा हा आवाज पेलणार नाही हे उघड होतं. त्याला मोठ्या कागदाचा स्पीकर आणि लाकडी बॉक्स हवा होता. कांताबाईनं एका मोठ्या जुन्या रेडिओतला स्पीकर काढला, रखमाजी सुताराकडून त्याच्या मापाचा बॉक्स करून घेतला. रेडिओची पाठ उघडी असते तशी याचीही पाठ तिनं उघडीच ठेवली. दुकानात वाजवून पाहिला तर खोली भरून आवाज. साहेबराव खूश होऊन घेऊन गेला.

भोकरदनच्या मैदानात तो बॉक्स साफ फसला. खोली भरणारा आवाज उघड्यावर कुठं गेला कुणाला कळेना. साहेबरावनं मशीनचं बटण फिरवत नेलं आणि तिसऱ्या गाण्याला स्पीकरचा कागद फाटला. काकासाहेब दुसऱ्या दिवशी स्वतः दुकानात आले. पायरीवरूनच म्हणाले, “बाई, तुम्ही आपले भोंगेच पाहत जा. हे काम तुमच्यानं व्हायचं न्हाई.” चूक तिची होती, आणि काय चूक झाली हे कळत नव्हतं याचं तिला जास्त लागलं होतं.

संध्याकाळी ड्युटी संपवून साहेबराव गिटार आणि फाटक्या स्पीकरचा बॉक्स घेऊन आला आणि स्टुलावर बसला. भिवा गेल्यापासून त्या स्टुलावर कुणी बसलेलं नव्हतं.

“खोलीत वाजत होता, मैदानात कुठं गेला?” तो म्हणाला.

“मलाबी तेच उमजंना.”

कांताबाईनं दुसरा एक लहान स्पीकर त्याच बॉक्सात बसवला, बॉक्स भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणला आणि त्याला वाजवायला सांगितलं. पातळ आवाज आला. तिनं आतून गोजरबाईची गोधडी आणली आणि बॉक्सच्या उघड्या पाठीवर दोन्ही हातांनी दाबून धरली. आवाज खाली उतरला, जाड झाला. गोधडी काढली की पुन्हा पातळ. दोघं कितीदा तरी ते करून पाहत राहिले. कागद पुढं ढकलतो तेव्हा मागं ओढतोही. मागून निघालेला आवाज फिरून पुढं येतो आणि पुढच्याला खातो. पाठ बंद हवी, आणि आत कायतरी मऊ हवं. मऊ वस्तूची जालन्यात काय कमी. जिनिंगमधला कापूस हवा तेवढा मिळत होता.

खरे स्पीकर सिकंदराबादेहून मागवले. साहेबराव पार्सलमध्येच असल्यानं ते सुखरूप आले. या वेळी दोन घेतले होते, कारण एकाला सगळा भार दिला तर तो पुन्हा फाटेल अशी तिला धास्ती होती. रखमाजीनं जाड लाकडाचा बॉक्स केला. कांताबाईनं आतून प्रत्येक सांध्यात सरस आणि लाकडाचा भुसा कालवून भरला, म्हणजे फटीतून वारा फुसफुसणार नाही. कापूस लावला, पाठ स्क्रूनं आवळली. साहेबरावनं तार छेडली, आणि दोन स्पीकरांचा मिळून एकापेक्षाही कमी आवाज आला.

तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पुढं कितीतरी दिवस बॉक्स तसाच पडून होता. ती दुसरी कामं करायची आणि मधूनच त्याच्याकडं बघायची. मशीन बरोबर, स्पीकर बरोबर, बॉक्स बरोबर. एकेक स्पीकर वेगळा लावला तर झकास. मग एका दुपारी टॉर्चचा सेल बदलताना तिला आठवलं, की भिवा कोणताही नवा स्पीकर आला की आधी त्याच्या दोन तारा सेलच्या दोन टोकांना टेकवायचा. का ते त्यानं कधी सांगितलं नव्हतं, तिनंही विचारलं नव्हतं. तिनं पाठ उघडली, सेल टेकवला. पहिल्या स्पीकरचा कागद टप्प करून बाहेर आला. तोच सेल तसाच दुसऱ्याला टेकवला, तर त्याचा कागद आत गेला.

संध्याकाळी साहेबराव आला तेव्हा तिनं त्याला ते दाखवलं. “एक ढकलून राह्यला, दुसरा वढून राह्यला. मंग बाहेर काय येईल?”

एका स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली. पाठ आवळली. साहेबरावनं सगळ्यात जाड तार छेडली आणि मागच्या खोलीत फळीवरची ताटं थरथरली.

“काय पडलं गं?” गोजरबाईनं आतून विचारलं.

“काही न्हाई आत्याबाई,” कांताबाई म्हणाली, आणि तिला हसू आलं. साहेबरावही हसायला लागला. दोघं थांबता थांबेनात.

त्यानंतर तो रोजच यायला लागला. कामाचं निमित्त कधी असायचं, कधी नसायचं. बाहेरगावच्या बँडवाल्यांना, गायन पार्ट्यांना कळलं होतं, की जालन्यात एक बाई बॉक्स करून देते. ते आले की कांताबाई स्पीकर कसा निवडायचा ते दाखवायची: दोन्ही हातांची बोटं कागदावर सारखी ठेवून हळूच दाबायचं आणि कान लावायचा, आत खरखर घासलं तर घ्यायचा नाही. हातात तोलून बघायचा, मागचं लोहचुंबक जड असलं पाहिजे. आणि बेस वाजवायचा तर मशीन गरजेपेक्षा मोठं घ्यायचं. लहान मशीन ओरडून वाजवलं की आवाज फाटतो आणि स्पीकरची कॉईल जळते. मोठं मशीन निवांत चालवलं की वर्षानुवर्षं टिकतं. साहेबराव स्टुलावर बसून हे ऐकायचा. माणसं गेली की म्हणायचा, “बराबर सांगितलं.” चहा व्हायचा. मग दिवे लागले की तो उठून जायचा.

नळावर बाया बोलायला लागल्या होत्या. एकीनं गोजरबाईच्या कानावर घातलं. गोजरबाई घागर घेऊन घरी आली. सुनेला ती काही बोलली नाही. कांताबाईला हे तिसरीकडूनच कळलं.

ऑर्केस्ट्राचा जालन्यातला प्रोग्राम झाला तेव्हा कांताबाई पहिल्यांदा गेली. पुढं बायकांत जाऊन बसायला तिला अवघड वाटलं, म्हणून स्टेजच्या मागं, बॉक्सच्या जवळ एका बाकावर बसली. तिथून गाणाऱ्यांच्या पाठी दिसत होत्या आणि पलीकडं सगळं जालना बसलेलं. लोक टाळ्या वाजवत होते ते गाण्याला. खालून बाकात जे येत होतं, ते तिला आणि साहेबरावला, दोघांनाच ठाऊक होतं. एवढ्या माणसांत ओळखीचं असं तिला ते एकच होतं, आणि त्या संध्याकाळी तेवढं पुरलं.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात साहेबरावची सिकंदराबादला बदली झाली. त्यानं हे लगेच सांगितलं नाही. दोनतीनदा येऊन नुसताच बसून गेला. मग एका दुपारी आला, ड्युटीच्या वेळेत. कांताबाई मशीन उघडून बसली होती.

“तिकडं लई मोठाली दुकानं हायेत,” तो म्हणाला. “अशी मशिनं तुम्ही पाह्यलीबी नसतील. तुम्हीबी चला.”

“कामाला?”

“कामालाबी.” तो खाली फरशीकडं बघत होता. “आपल्यात याला कोणी वाईट म्हणत न्हाई. विहारात चार माणसायपुढं व्हऊन जाईल.”

कांताबाईनं हातातली डाग द्यायची तापलेली कांडी स्टँडवर ठेवली. “इचार करू द्या,” ती म्हणाली.

तिनं विचार केला तो असा, की रोज वेगळंच वाटायचं. भाकरी थापताना वाटायचं, जावं. दुकान उघडून टेबलावरचं फडकं झटकलं, की वाटायचं, नको. इथं मशीन उघडण्याआधी तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं. तिकडं साहेबराव ना म्हणणार नव्हता, हे तिला माहीत होतं. पण क्वार्टर असणार, शेजार असणार, त्याचे साहेब असणार, पोरंबाळं होणार. तिला नीट सांगता येत नव्हतं. भिवाच्या मागं हे एकटेपण आलं ते नको होतं. पण त्या एकटेपणातच तिचे हात तिचे झाले होते.

शेवटी तो उत्तर मागायला आला, तेव्हा तिनं सांगितलं, “आत्याबाईला माझ्याशिवाय कोणी न्हाई.”

“त्याबी येतील की. मी कुठं न्हाई म्हणलो?”

“त्या जालना सोडायच्या न्हाईत.”

तिनं गोजरबाईला विचारलंच नव्हतं. साहेबरावनं मान हलवली. म्हणाला, “बॉक्स तुमच्यापाशी ठेवून जाऊ का? तिथं कुठं वाजवणार.”

“नगं. वाजवला न्हाई तर खराब व्हतो. न्या संगं.”

गाडीच्या दिवशी ती स्टेशनवर गेली नाही. हातातल्या मशीनची घूं घूं काही केल्या जात नव्हती. एकेक कंडेन्सर बदलत ती बसली होती. लांबून शिट्टी ऐकू आली तेव्हा तिनं मान वर केली नाही. घूं घूं त्या दिवशी सापडलीच नाही.

काकासाहेबांनी पुण्याहून तयार बॉक्स आणला आणि दुसरा वाजवणारा धरला. तो नवा वाजवणारा काही कामाला तिच्याकडं आला नाही. कामं येत राहिली; पूर्वीपेक्षा जास्तच. पण पूर्वी रिकामी खोली नुसती रिकामी होती. आता तिथं एक रिकामं स्टूल होतं. तिनं त्यावर तारांची वेटोळी ठेवायला सुरुवात केली, म्हणजे ते नजरेला कामाचं दिसेल.

दोन वर्षांनी सिकंदराबादचे स्पीकर मिळेनासे झाले. कागदावर लिहून मागवलं, की भलताच माल यायचा. मग कांताबाई स्वतःच निघाली. शेजारणीला गोजरबाईकडं बघायला सांगून गाडीत बसली. बाजारात फिरून, दाबून, तोलून तिनं चार स्पीकर निवडले आणि पोत्यात बांधून घेतले. परतीच्या गाडीला अवकाश होता. ती विचारत विचारत रेल्वेच्या क्वार्टरांकडं गेली. कशाला चाललोय, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

दार एका तरुण बाईनं उघडलं. कडेवर लहान मूल. ती साहेबरावची बायको, शिवकन्या, हिंगोलीकडची.

“जालन्याच्या कांताबाई तुम्हीच व्हय? या की आत. हे सांगत असतात तुमचं.”

व्हरांड्यात बॉक्स होता. त्यावर पाण्याचा माठ ठेवलेला. लाकूड फुगून वरचा सांधा उकलला होता. कांताबाईनं पाहिलं आणि नजर काढून घेतली. शिवकन्येच्या ते लक्षात आलं. “जागा न्हाई ना घरात,” ती ओशाळून म्हणाली. “अन् हे वाजवतात ते मला काही समजत न्हाई. नुसतं घुमतं.”

साहेबराव जेवायला घरी आला. तिला बघून दारातच थांबला. मग म्हणाला, “कधी आल्या?” तो जरा जाड झाला होता. वर्षातून एकदा, रेल्वेच्या कार्यक्रमात वाजवतो, म्हणाला.

जेवण झालं आणि कांताबाईला नुसतं बसवेना. तिनं माठ खाली उतरवला, पाठ उघडली. कापूस ओला होऊन गोळा झाला होता. तो काढून टाकला, बॉक्स उन्हात वळवून ठेवला. साहेबरावनं आणलेला सरस उकललेल्या सांध्यात भरला. स्पीकरचे कागद बोटांनी दाबून पाहिले. एक घासत होता. पोत्यातल्या चारांपैकी एक काढून तिनं तिथं बसवला. शिवकन्येनं जुन्या उशीतला कापूस काढून दिला. दोघी बाया व्हरांड्यात बसून तो पिंजत राहिल्या. मूल मधे मधे येऊन मूठभर उडवायचं. शिवकन्या भली होती. तिचा राग येईल असं कांताबाईला वाटलं होतं. तसं काही झालं नाही, आणि त्यानं जास्तच पोरकं वाटलं.

साहेबरावनं मशीन जोडून एकच तार वाजवली. मूल दचकून आईला बिलगलं.

“हे असं असतंय व्हय?” शिवकन्या म्हणाली. “मला वाटायचं, बिघडलंय.”

साहेबराव पोतं उचलून फाटकापर्यंत आला. “आत्याबाई कशा हायेत?”

“बऱ्या हायेत.”

“जपून जा,” तो म्हणाला, आणि हमालाला हाक मारायला वळला.

जालन्याला पोचली तेव्हा सकाळ झाली होती. टांग्यातून पोतं उतरवून तिनं ते टेबलाखाली सरकवलं. गोजरबाई चुलीपाशी बसली होती. तिनं चहा पुढं केला.

“जेवली व्हतीस का तिकडं?”

“जेवले. अंबाडीची भाजी व्हती.”

“त्याच्या बायकोच्या हातची?”

कांताबाईनं बशी खाली ठेवली. आपण क्वार्टरकडं जाणार, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

“बरी हाय का ती?”

“चांगली हाय.”

गोजरबाईनं लाकूड आत सारलं. “मी न्हाई म्हणले नसते,” ती म्हणाली. “तवाबी.”

“मला ठाऊक व्हतं.”

“मंग माझं नाव का सांगितलं त्याला? आतल्या खोलीत समदं ऐकू येतं.”

“दुसरं काय सांगू? मलाच सांगता येत नव्हतं.”

म्हातारीनं फुंकणीनं जाळ फुंकला. मग म्हणाली, “मलाबी कोणी इचारलं असतं तर, भिवाचा बाप गेला तवा. कोणी इचारलंच न्हाई.” आणि जरा थांबून, “तुला इचारलं तरी.”

इतक्या वर्षांत गोजरबाई असं काही बोललेली कांताबाईला आठवत नव्हतं. तेवढ्यात बाहेर दारावर कुणीतरी थाप मारली आणि मशीन आणलंय म्हणून ओरडलं. चहा तसाच राहिला होता. गोजरबाईनं तो बशीत ओतून तिच्याकडं सरकवला.

“आधी पी,” ती म्हणाली. “थांबल तो.”